रंग खाणाऱ्याची आत्या

तिला उघड्या डोळ्यांनी झोपता येतं, असं तिची वहिनी म्हणते, आणि त्यात फारसं खोटं नाही. समोरच्या पडद्यावरून अक्षरं सरकत असतात. चारच अक्षरं, तीच ती, उलटसुलट, ओळींमागून ओळी. ही हनुवटी तळहातावर टेकवून त्यांच्याकडे बघत असते, वाहत्या पाण्याकडे बघावं तशी. चहा गार होतो. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरपटत तिच्या कोपरापाशी येतं, कोपरावर चढतं, पलीकडे उतरतं. मधेच तिचा हात हलतो, एका जागी खूण करतो आणि पुन्हा हनुवटीखाली जातो. बघणाऱ्याला वाटावं, बाई गेली कुठंतरी. आणि ती गेलेलीच असते.

तिचं काम सांगायला सोपं आहे. जीवाणूच्या पोटात जी अक्षरं असतात ती यंत्र वाचून देतं. सलग देतं, मधे ना जागा, ना पूर्णविराम. त्या गर्दीत कुठून कुठपर्यंत एक जनुक आहे आणि ते काय काम करतं हे ओळखायचं, आणि तिथं नावाची पाटी लावायची. नवं जनुक आलं की ती त्याला आधीच्या, माहितीतल्या जनुकांशेजारी बसवून बघते. बाळ बघायला आलेल्या बायका करतात तेच: नाक आजोबांचं, हनुवटी मामाची, कान कुणाचे ते मात्र कळत नाही बाई. नाक-हनुवटी जुळली की पाटी लागते. हा साखर फोडणारा, हा मीठ बाहेर ढकलणारा, हा विष पचवणारा. काहीच जुळलं नाही तर पाटीवर 'अज्ञात' लिहायचं. 'अज्ञात' लिहिताना तिचा हात जड होतो. कुणीतरी दारात उभं आहे आणि आपण त्याला 'कोण आपण' म्हणून विचारून दार लोटून घेतलं, असं तिला वाटतं.

"नावं ठेवायचा पगार मिळतो हिला," वहिनी शेजारणीला सांगते. "आपण इथं जन्मभर फुकट ठेवतोय."

भावाच्या मुलीची ती आत्या. एकदा ती पोरगी फोनवर "आत्याऽऽ" करून एवढ्या जोरात ओरडली, की अख्ख्या प्रयोगशाळेनं ऐकलं. त्या दिवसापासून तिथंही ती आत्याच झाली. तिच्याहून वयानं लहान असलेले, प्रयोगशाळा सांभाळणारे सरसुद्धा आत्याच म्हणतात. आधीचं नाव आता फक्त पगाराच्या पावतीवर उरलं आहे.

तिच्या हाताखालून शेकडो जीवाणू गेले. समुद्रातले, गुरांच्या पोटातले, दवाखान्यातल्या नळावरचे. सगळे दुसऱ्यांचे. एकच तिचा स्वतःचा होता, आणि तो तिनं लहानपणी पाहिला होता.

म्हणजे तो नाही पाहिला. त्याची करणी पाहिली. तिचे वडील, अण्णा, कापड रंगवायच्या कारखान्यात हौदावर होते. दुपारी त्यांचा डबा घेऊन ती जायची आणि अण्णा हात धुऊन येईपर्यंत मागच्या भिंतीवर बसून राहायची. भिंतीखालून कारखान्याचं गटार वाहायचं. आज कुठल्या कापडाची पाळी आहे ते गटार बघून कळायचं. कधी लाल, कधी जांभळं, कधी बाटलीसारखं हिरवंगार. ते पाणी डुलत डुलत पुढं जायचं, वळणापाशी काळ्या चिखलात आणि लव्हाळ्यात शिरायचं, आणि पलीकडून बाहेर पडायचं ते साध्या पाण्याच्या रंगाचं. भिंतीवरून उडी मारून ती वळणापर्यंत धावत जायची. रंग आत जाताना दिसायचा. बाहेर येताना दिसायचा नाही. मधे कुणीतरी बसलं होतं.

शाळेत बाईंना विचारलं तर बाई म्हणाल्या, पाणी मिसळून फिकं होतं गं, बस खाली. अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "ऊन खातं रंगाला." पण ढगाळ दिवशीही ते तसंच व्हायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. काही गोष्टी सांगितल्या की लहान होतात, हे तिला तेव्हाच कळलं असावं.

कारखाना अजून चालू आहे, गटारही आहे. मागल्या वर्षी ती एक बाटली घेऊन वळणापाशी गेली आणि चिखलात कोपरापर्यंत हात घातला. तो चिखल तिनं आणून दिला तो बशीवालीला. बशीवाली म्हणजे काचेच्या बश्यांत जीवाणू वाढवणारी. तिच्याच वयाची, तिखट तोंडाची, मायाळू हातांची. तिनं त्या चिखलातल्या जिवांना खायला दुसरं काही दिलंच नाही. फक्त रंग दिला. बाकीचे उपाशी मेले, एक टिकला. रंगीत बशीत त्याच्याभोवती स्वच्छ गोल खळं पडलं, चंद्राला पडतं तसं.

"हा बघ तुझा नवरा," बशीवालीनं बशी पुढं केली. "रंग खातो आणि गप्प बसतो. आणखी काय पाहिजे बाईमाणसाला?"

आत्यानं त्याचं नाव रंगोबा ठेवलं. पाटीवर लिहायचं नव्हे, आपलं तोंडात खेळवायचं.

मग रंगोबाची अक्षरं वाचून झाली. जीवाणूचा सगळा संसार एका मोठ्या साखळीत असतो. पण काहींच्या कनवटीला आणखी एक लहान वेगळं कडं असतं, प्लास्मिड म्हणतात त्याला. जगायला ते लागतंच असं नाही. अडीअडचणीची विद्या असते त्यात. कुणाला औषधाला दाद न देण्याची, कुणाला भलतंसलतं खाऊन पचवण्याची. शेजाऱ्याला हवी असली तर त्याची नक्कल काढून देताही येते. रंगोबाच्या कनवटीलाही असं एक कडं निघालं. पूर्वी अशी कडी यंत्रातून तुकडे-तुकडे होऊन यायची, फुटलेल्या बांगडीसारखी. नवं यंत्र मात्र लांब धागे वाचतं. रंगोबाचं कडं अख्खं आलं, आणि माथ्यावर 'गोल' असा शेरा घेऊन आलं. आत्यानं पाहिलेलं हे पहिलं अख्खं कडं. तिनं तो शेरा बोटानं पडद्यावर पुसून बघितला, खरा आहे का म्हणून.

आणि ती पाट्या लावायला बसली. त्या दिवसांत ती अगदीच हरवलेली असायची. अक्षरांतून चालताना तिला वाटे आपण त्याच भिंतीवर बसलोय. खालून जांभळं पाणी चाललंय. पहिलं जनुक सापडलं, रंगाच्या कणाचे मधोमध दोन तुकडे करणारं. जांभळा फिका झाला. दुसरं सापडलं, त्या तुकड्यांना घासूनपुसून तयार करणारं. पुढची, चौथं आणि पाचवं, ओळीच्या दुसऱ्या टोकाला होती. उरलेलं बारीक करून अन्न बनवणारी मंडळी ओळीनं बसली होती, पंगतीतल्यासारखी. फक्त तिसरं पान रिकामं.

ते तिसरं काम फार महत्त्वाचं. रंगाचे तुकडे म्हणजे छोटी छोटी बंद कडी असतात, आणि ती उघडल्याशिवाय पुढच्यांना खाताच येत नाहीत. कडी उघडणारं जनुक तिनं प्लास्मिडभर शोधलं, मग मोठ्या साखळीत शोधलं. नव्हतं.

"मग हा आपल्या कामाचा नाही, आत्या," सर म्हणाले. सर वाईट माणूस नाहीत. समोरच्याला वाईट बातमी देताना ते स्वतःचा चष्मा पुसत बसतात. "अर्धा खाल्लेला रंग पुऱ्या रंगाहून वाईट. रंग नुसता दिसतो. त्याचे तुकडे दिसत नाहीत आणि विषारी असतात. याला सांडपाणी शुद्ध करायच्या टाकीत सोडला तर पाणी स्वच्छ दिसेल आणि मासे मरतील."

"पण पिवळं झालं होतं," बशीवाली मधे बोलली. कडी उघडली जातात का हे बघायचं एक औषध असतं. त्याचा थेंब जीवाणूवर टाकायचा. उघडणारा असला तर तो ठिपका लिंबासारखा पिवळा होतो. रंगोबा झाला होता.

"जनुक नसताना? पिवळं होईल कसं?" सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "बशीत दुसरा कोणीतरी घुसला असणार. म्हणजे नमुनाही शुद्ध नाही. आणि यादी काय माझी आहे? आत्यांनीच केलीय. आत्यांच्या यादीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो."

तिच्याच हाताची पाटी तिच्याच माणसाला दार बंद करत होती. फ्रीजरमध्ये नव्या कामाला जागा हवी होती. रंगोबाचा खोका शनिवारी सकाळी वाफेच्या भांड्यात घालून निकालात काढायचा, असं ठरलं.

"माझ्या बशीत दुसरा कोणी घुसत नाही," सर गेल्यावर बशीवाली म्हणाली. "माझ्या घरात घुसतात, बशीत नाही."

"मला दिसत नाही गं ते जनुक."

"मग नीट बघ. नुसती तंद्री लावून बसतेस."

तिनं नीट बघितलं. आठवडाभर बघितलं. बघता बघता मनात दुसरंच यायला लागलं, की बाई म्हणाल्या तेच खरं असेल. पाणी मिसळत असेल. वळणावर कोणी बसलेलंच नसेल, आणि एवढी वर्षं आपण एका लहान मुलीचा शब्द धरून बसलोय. ती मुलगी धावत वळणापर्यंत जायची तेव्हा तिच्या पायांना लव्हाळ्याची पाती घासायची, तेही आताशा तिला नीट आठवेना.

शुक्रवारी संध्याकाळी ती घरी निघाली. तिचा भाऊ शहराला गोल फेरी घालणारी बस चालवतो, आणि जमेल तेव्हा ती त्याच्याच गाडीनं येते. खिडकीशी बसून तिनं डोळे मिटले. डेपो आला. फेरी इथं सुरू होते आणि इथंच संपते. कंडक्टर उठला आणि त्यानं सगळ्यांची नवी तिकिटं फाडायला घेतली.

"माझं आहे तिकीट," मांडीवर पाण्याची कळशी घेतलेले एक काका म्हणाले.

"ते डेपोपर्यंतचं, काका. डेपो आला."

"मी कुठं उतरलो? मी बुडसुद्धा हलवलं नाही."

"इथं फेरी संपते."

"गोल फिरणाऱ्या गाडीची फेरी संपते कशी रे? मी एक थांबा मागं बसलो आणि मला एक थांबा पुढं उतरायचंय."

"कुठंतरी संपवायला नको का? नाहीतर दादांना चहा कधी मिळणार?"

"माझं नाव मधे घेऊ नकोस," तिचा भाऊ पुढून म्हणाला. "मी चहा सोडलाय."

"कधी?"

"आत्ताच."

गाडीभर हशा पिकला. काकांनी कुरकुरत दुसरं तिकीट घेतलं. तीही हसली आणि पुन्हा खिडकीला डोकं टेकून बसली.

घरी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. अण्णा त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत होते. हल्ली त्यांचं बाहेर जाणं थांबलंय, त्यामुळे बाहेर काय झालं ते त्यांना शेवटपर्यंत ऐकायचं असतं. शेंडा सांगितला की बुडखाही सांगावा लागतो. तिनं कळशीवाल्या काकांची गोष्ट सांगितली. जेवणाआधी करमणूक म्हणून.

"मग पोचला का तो?" अण्णांनी विचारलं.

"पोचले की. दोन तिकिटं घेऊन."

"म्हणजे बसवाल्यांच्या हिशेबी तो कुठून कुठं गेला?"

"त्यांच्या हिशेबी एक माणूस डेपोला उतरला," ती हसत म्हणाली, "आणि दुसराच एक डेपोला चढला. त्या दोन थांब्यांमधे सलग असा कुणी गेलाच..."

ती थांबली. हातातला टॉवेल तसाच राहिला.

"वन्सं," वहिनी म्हणाली. "गेलात का पुन्हा?"

कडं गोल असतं. पण पडद्यावर गोल लिहिता येत नाही, ओळीत लिहावं लागतं. म्हणून यंत्र कडं कुठंतरी कापतं आणि सरळ करून देतं. कुठं कापायचं हे यंत्राला सारखंच, त्याला काय जनुकाची माया? आणि आत्याची जुनी सवय अशी, की ओळीच्या दोन्ही टोकांना जी अर्धवट जनुकं दिसतात, एकाला सुरुवात नाही, एकाला शेवट नाही, ती झटकून टाकायची. शिंपी काठाची दशी कापतो तशी. फुटक्या बांगड्यांच्या दिवसांत ते बरोबरच होतं. तुटलेल्या तुकड्याच्या टोकाला काय अर्थ? नव्या येणाऱ्या प्रत्येकाला तिनंच हे शिकवलं होतं. टोकं झटका, मग कामाला लागा. पहिलं अख्खं कडं हातात आलं तेव्हा तिनं 'गोल' हा शेरा कौतुकानं वाचला, आणि हातानं सवयीनं टोकं झटकली. आधी उतरलेला माणूसही टाकला, नंतर चढलेला माणूसही टाकला.

तिनं बशीवालीला फोन लावला.

"खोका भांड्यात घालू नकोस."

"सर येतील ना सकाळी. काय सांगू?"

"सांग, भांडं बिघडलंय."

"अगं, भांडं बिघडलंय म्हटलं की ते आधी भांडं उघडून बघतात." मग जरा थांबून, "बरं. मीच जरा उशिरा येते. तू लवकर ये."

सकाळी प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. फ्रीजर आपल्याशीच घुमत होते. तिनं यंत्राची मूळ, न झटकलेली ओळ काढली. दोन टोकं होती, दोन्हींना अर्धवट काहीतरी लोंबत होतं. तिनं ओळीची दोन टोकं जुळवून कडं पुन्हा मिटवलं आणि दुसरीकडं, जनुकांच्या मधल्या ओसाड जागेत कापलं. एवढंच. जुना सांधा आता ओळीच्या मधोमध आला. तिथं तिनं शोध सुरू केला आणि हनुवटी तळहातावर टेकली.

पडद्यावर एक सलग पट्टी उमटली. सुरुवात होती, शेवट होता. ओळखीच्या जनुकांशेजारी बसवून बघितलं, तर नाक, हनुवटी, कानसुद्धा जुळले. कडी उघडणारं. दुसऱ्या आणि चौथ्याच्या बरोबर मधे, आपल्या पानावर मांडी घालून बसलेलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. आपण काय बघतोय ते तिला माहीत होतं, तरी डोळ्यांपुढं लव्हाळंच हलत होतं आणि त्याच्या मुळांशी जांभळं पाणी शिरत होतं. आत कोणीतरी ते घेत होतं. सावकाश, पोटभर, शेवटपर्यंत.

सर कधी मागं येऊन उभे राहिले ते तिला कळलं नाही.

"टोकं तुम्ही काढली होतीत?"

"मीच."

"मलाही तुम्हीच शिकवलं होतंत."

"हो."

सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. त्यांनी स्वतः खुर्ची ओढून ती ओळ पुन्हा तपासली, मग यंत्राचे कच्चे धागे मागवले. सांध्यावरून सलग गेलेले धागे त्यांना बघायचे होते. होते तसे, पुष्कळ होते. मग त्यांना पिवळा ठिपकाही नव्यानं हवा होता, एकट्याच उगवलेल्या रंगोबावर, स्वतःच्या डोळ्यांसमोर. तोवर बशीवाली आली होती. तिनं बशी उघडली, थेंब टाकला आणि पाठ फिरवून हातमोजे काढायला लागली, बघायची गरजच नसल्यासारखी. ठिपका पिवळा होत गेला. आधी कडेनं, मग मधे.

"माझ्या बशीत," ती भिंतीकडे बघून म्हणाली, "दुसरा कोणी घुसत नाही."

"खोका राहू द्या," सर म्हणाले. "टाकीचं बघू. आणि आत्या, नवं यंत्र आल्यापासून जेवढी कडी आली..."

"सगळी उघडते पुन्हा. सगळ्यांचीच टोकं झटकलीत." ती थोडी कसनुशी झाली. "सोमवारपासून बसते."

दुपारी तिनं हे अण्णांना सांगितलं. सोपं करून सांगितलं. गटाराच्या वळणावर, त्या काळ्या चिखलात, एक जीव आहे. तुमच्या हौदातला रंग तो खातो. नुसता फोडत नाही, पुरता पचवतो. मी लहानपणी विचारत नव्हते?

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले,

"म्हणजे आमचा रंग कच्चा होता म्हणतेस?"

"नाही हो अण्णा."

"पक्का रंग होता तो. कापड फाटायचं, रंग जायचा नाही. धुऊन जात नव्हता, उन्हानं जात नव्हता."

"तुम्हीच म्हणायचात, ऊन खातं."

"ते तुला गप्प करायला." त्यांनी शाल सारखी केली. "आणि हे तुझं चिखलातलं पिल्लू तो खाणार?"

"पक्का आहे म्हणून तर एवढं काम पडतं त्याला, अण्णा. पाच जणं लागतात एका रंगाला."

"पाच?"

"पाच. एक जरी नसला तरी अडतं."

हे अण्णांना पटल्यासारखं वाटलं. पाच माणसं लागतात म्हणजे काम काही हलकं नव्हे. हौदावरही तेवढीच लागायची. ते खिडकीबाहेर बघत बसले आणि त्यांचे डोळे हळूहळू तिच्या डोळ्यांसारखे झाले, उघडे आणि लांब गेलेले. वहिनी चहा ठेवून गेली. वाफ थोडा वेळ वर गेली आणि थांबली.

"आवडतो कुठला त्याला?" अण्णांनी विचारलं.

"म्हणजे?"

"अगं, खायला. सगळे सारखेच खातो का?"

तिनं बश्या आठवल्या. रांगेनं ठेवलेल्या, वेगवेगळ्या रंगांच्या, आणि कुठलं खळं आधी पडायचं ते.

"निळा," ती म्हणाली. "निळा सगळ्यात आधी संपवतो."

अण्णांनी मान डोलावली. कितीतरी वेळ डोलावत राहिले.

"निळा माझ्याकडे असायचा," ते म्हणाले, आणि त्यांनी चहाचा कप उचलला.